दोन बोटांची खूण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटातलं न सांगता ओळखण्याचा तिचा तीस वर्षांचा दावा आहे. हे एक तेवढं तिच्याही हाती लागलं नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही; सांगायला याहून बरी जागा कुठली? ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा. हसण्यासारखं पुष्कळ आहे. मी स्वतःच हसतो — अर्ध्यापर्यंत.

गोष्ट आहे दोन बोटांची. माझ्या उजव्या हाताच्या, शेजारी-शेजारच्या दोन बोटांची. ऐकायला किती क्षुल्लक वाटतं, नाही?

आधी मी कोण ते सांगतो. तेवढाच जरा वेळ मिळेल.

चार वर्षांचा असताना मला गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. सरकारी कागदावर मी 'दिव्यांग' आहे, भाषणात 'दृष्टिहीन बांधव' आहे आणि आमच्या तलवाड्यात नुसता 'मास्तर'. शाळेत मी एक दिवसही शिकवलेलं नाही. एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होतो आणि तिथूनच निवृत्त झालो. पण शर्ट पँटीत खोचून फिरणाऱ्या माणसाला आमच्याकडे मास्तर म्हणायची पद्धत आहे, आणि ती मोडायचं मला काही कारण नव्हतं. मास्तर म्हणवून घ्यायला मला आवडतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फोन म्हणजे माझं राज्य. बटणांचा फोन मी झोपेतही लावला असता. मग एक दिवस बटणंच गेली आणि हातात आली एक गुळगुळीत काच — ताटासारखी सपाट, कुठे उंचवटा नाही, खाच नाही. माझ्यासारख्याने त्यात चाचपायचं काय? मग बीडला एका शिबिरात मला त्या काचेतली बाई भेटली. बाई म्हणजे फोनच्या आतला आवाज. काचेवर बोट ठेवलं की बोटाखाली काय आहे ते ती बोलून दाखवते. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची ओळ, डावीकडे सरकवलं की मागची. हवं ते सापडलं की दोनदा टकटक करायचं, ते उघडतं. एवढं शिकायला मला तीन महिने लागले. गावात मी 'आठवड्यात शिकलो' असं सांगितलं होतं. पण ते वरकड. आजचा कबुलीजबाब तो नव्हे.

आणि मग ती दोन बोटं. एका बोटाने माणूस फोनमध्ये एकेक पाऊल चालतो. दोन बोटं एकदम टेकवून वर सारली, की अख्खं पान सर्रकन सरकतं. शंभर निरोप असोत की तीनशे नावं — चार वेळा बोटं सारली, आलं टोक. शिबिरातल्या सरांनी ही खूण सगळ्यात शेवटी शिकवली होती आणि म्हणाले होते, आता तुम्ही चालत नाही, गाडीत बसलात.

मग काय! स्टँडवर बाबूभाईंचं चहाचं हॉटेल आहे. तिथे बाकावर बसायचं, फोन काढायचा, बाईचा वेग इतका वाढवून ठेवायचा की माझ्याशिवाय कुणाला अक्षर कळू नये, आणि दोन बोटांनी सरासर पानं उडवायची. गिऱ्हाइकं चहा थंड करून बघत बसत. बाबूभाई तर नवीन कुणी आलं की मुद्दाम म्हणायचे, "मास्तर, जरा चालू करा की तुमची बाई." मी आढेवेढे घ्यायचो. थोडेसेच. डोळस लोकांच्या घोळक्यात एका आंधळ्याकडे सगळे थक्क होऊन बघतायत, हे न दिसताही कळतं हो! लई गोड असतं ते. चार वर्षं ते सुख मी एकट्याने खाल्लं.

मग दगडू आला.

दगडू शेळ्या राखतो. गावाच्या वरच्या अंगाला त्याचं घर आणि घराला लागून काट्याकुट्यांचं कुंपण घातलेलं शेळ्यांचं वाडगं. काचबिंदूने त्याचे डोळे पन्नाशीनंतर गेले, हळूहळू, एकेक कड विझत. आता शेळ्या रानात त्याची बायको सरूबाई नेते. पण संध्याकाळी वाडग्याच्या तोंडाशी दगडूच बसतो. उकिडवा बसून एकेक शेळी हाताखालून आत घेतो. पाठीवरून हात, कानाला हात, मग आत. त्याच्या बापाची ही पद्धत. डोळे धड होते तेव्हाही तो नजरेने मोजत नसे. म्हणायचा, डोळा फसतो, हात फसत न्हाई. कळप मोठा असो, पाऊस असो, घरी पाव्हणे खोळंबलेले असोत — हात लावल्याशिवाय एकही शेळी आत जायची नाही.

त्याची लेक रुक्मी सिरसाळ्याला दिली आहे. तिने बापाला फोन घेऊन दिला आणि बजावलं, मास्तरांकडे जा, ते शिकवतील. आला बिचारा. फोन पंच्यात बांधून आणला होता, अंड्यासारखा.

शिकवायला बसलो आणि पहिलीच पंचाईत. त्याच्या बोटाला फोन दादच देईना! कुऱ्हाड, काठी, काटे यांनी त्या बोटांची कातडी अशी जाड झालेली की काचेला वाटलं लाकूडच फिरतंय. एक बोट झालं, दुसरं झालं, अंगठा झाला. बाई गप्प. "मास्तर, बाई रुसली का काय माज्यावर?" दगडू म्हणाला. शेवटी करंगळी लावली. करंगळी तेवढी कष्टातून वाचली होती. बाई एकदम बोलली आणि दगडू दचकून मागे सरला. मग आम्ही दोघं इतके हसलो, इतके हसलो की आमची ही आतून विचारायला आली, काय झालं म्हणून.

तर हा बाबा करंगळीने शिकला. आणि किती दिवसांत? एका दुपारीत! मला तीन महिने लागले ते याने दुपारच्या चहापर्यंत उरकलं. सरकवणं, टकटक, मागे फिरणं, सगळं. शेळीचा कान चाचपून ती कुठली हे ओळखणारे हात ते, त्यांना काच काय जड? दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्याने करंगळीने लेकीला फोन लावून दाखवला. बाबूभाई ओरडलेच, "अरे वा बे दगडू! तू तर मास्तरच्या पुढं जातंय!"

सगळे हसले. मीही हसलो. पण आत कुठेतरी खट्ट झालं. तुमचं कधी झालंय असं? आपण हाताला धरून शिकवावं, आणि शिकणारा भरभर चालायला लागला की पोटात दुखावं? मला वाटायचं, मी त्यातला नाही. मी त्यातलाच निघालो.

सांगतो. आता आलोच आहे तिथपर्यंत.

त्याच दिवशी आम्ही हॉटेलातून घरी निघालो होतो. माझा हात त्याच्या खांद्यावर, त्याची काठी पुढे. दोन आंधळे एकमेकांना नेताना बघून लोकांना गंमत वाटते, आम्हालाही वाटते. वाटेत त्याने विचारलं, "मास्तर, एक इचारू? ह्यात एकेकच जायचं का? शेळ्या रानाकडं नेताना आपण एकेक नेत न्हाई. हाड म्हणलं की समदा कळप हालतोय. ह्या फोनात तसं काई न्हाई का?"

बघा. त्याने नेमकं तेच विचारलं. नाव ठाऊक नसलेली वस्तू त्याने वर्णन करून मागितली. माझी दोन बोटं त्याच्याच खांद्यावर होती.

मी म्हणालो, "नाही. एकेकच जायचं. फोन असाच असतो."

झालं. एवढंच. पाच-सहा शब्द. कुणाच्या घरात शिरलो नाही, कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. बाबूभाईंच्या हॉटेलातला माझा तो बाक, ती 'वा मास्तर' — तेवढं माझ्याकडे राहावं, एवढ्यासाठी एका माणसाच्या हातातली गाडी काढून घेतली आणि म्हणालो, चाल.

आणि तो काय म्हणाला असेल? खूश झाला! म्हणाला, "मग बरंय. आपल्या वाडग्यावानीच हाय. एकेकीला हात लावूनच आत घ्यायचं."

त्यानंतर तो शेजारी असताना मी दोन बोटं कधी लावली नाहीत, आणि दोन वर्षं तो माणूस फोनमध्ये एकेक पाऊल चालला. करंगळीने. आमच्या गावच्या ग्रुपवर सकाळी उठून बघाल तर शेकड्यांनी निरोप. फुलांचे फोटो, देवांचे फोटो, सूर्य, चहाचा कप. बाईला फोटोतलं कळत नाही. ती नुसतं 'फोटो' म्हणते; अक्षरांसारखी टाकलेली छोटी चित्रं तेवढी नावाने सांगते. दगडू वाडग्याच्या तोंडाशी बसून ऐकायचा — फोटो. फोटो. फोटो. जोडलेले हात. फोटो. गुलाब, गुलाब, गुलाब, गुलाब. एकही ओलांडायचा नाही. सरूबाई मला एकदा म्हणाली, "मास्तर, तुमी ह्यास्नी काय लावून दिलंय? सपनात बी फोटो फोटो म्हणायलेत." मी हसलो. ती गंमत मी हॉटेलात रंगवून सांगितलीसुद्धा. हे लिहिताना कान गरम झालेत माझे.

पण गंमत पुढेच आहे. मी पानं उडवायचो, म्हणजे उडवलेल्या पानांत काय होतं ते मला ठाऊक नसायचं. दगडूला सगळं ठाऊक असायचं! कुणाची म्हैस सुटली, कुणाच्या घरी मुलगी बघायला येणार, कुठल्या डीपीवर लाइट जाणार, सगळं. एकदा शेळ्यांच्या लसीची गाडी येणार असल्याचा निरोप कुणीतरी टाकला, तो पाच सूर्य आणि एक गणपती यांच्यामध्ये दबला. सगळ्या गावाने तो अंगठ्याने ओलांडला, मी दोन बोटांनी ओलांडला. दगडूच्या करंगळीला तो बरोबर लागला. त्याने चार वाड्या-वस्त्यांवर फोन लावले. आजूबाजूच्या एकूण एक शेळ्या त्या गाडीपुढे उभ्या राहिल्या. डॉक्टर चकित. तेव्हापासून हॉटेलात लोक येतायेताच विचारायला लागले, "दगडूअण्णा, आज काय इशेष?" तो बाकावर बसून बातम्या सांगायचा, मधेमधे आपल्या पदरचं तिखटमीठ लावून, आणि हास्याचा नुसता कल्लोळ. बाबूभाई त्याला 'आमचा पेपर' म्हणायला लागले. माझ्या बाईकडे कुणाचं लक्ष नाही! ज्या बाकासाठी मी खोटं बोललो तो बाक असा गेला. मी त्याच्या शेजारी बसून त्याच्या बातम्या ऐकायचो, आणि सांगायला हरकत नाही, मलाही मजा यायची. माझं हॉटेलात जाणं वाढलं. दगडूने सांगितल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटेना.

आता इथे जीभ वळवळते. म्हणावंसं वाटतं, बघा, माझ्या खोट्याने त्याचं भलंच झालं की! म्हणू का? म्हणवत नाही. कारण बारसं.

रुक्मीला दुसरी मुलगी झाली. बाळंतपण सासरी, सिरसाळ्यालाच. दगडूच्या घरात एक रीत आहे. कळपात सगळ्यांत पुढे चालणारी जी शेळी, तिच्या गळ्यातली घंटी काढायची आणि बारशाला पाळण्याला बांधायची. बाळाच्या कानावर आधी घंटी पडायची, मग नाव. दगडूची तशी बांधली होती, रुक्मीची बांधली होती, तिच्या पहिलीची याने स्वतः बांधली होती. या खेपेची घंटी त्याने राखेने घासूनपुसून आठ दिवस आधीच तयार ठेवली होती. हॉटेलात प्रत्येकाला वाजवून दाखवली. मलाही. चांगला खणखणीत आवाज होता.

बारसं संध्याकाळी ठरलेलं. दगडू सकाळी दहाच्या एसटीत बसला. माजलगावला गाडी बदलायची की सिरसाळा, जेवणवेळेला पोचतो म्हणाला. घंटी खिशात. पण नाव ठेवणार होती ती मुलीची आत्या, आणि तिला अचानक दुपारच्या गाडीने परतायचं निघालं. आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? म्हणून बारसं सकाळी अकरावर आणलं. रुक्मीने पहाटेच भावकीच्या ग्रुपवर लिहून टाकलं — आबा, लवकर निघा, अकरा वाजता पाळणा. तिने फोन केला नाही. का करावा? आपला बाप ग्रुपवरचं अक्षर न् अक्षर वाचतो, हे ती सासरी अभिमानाने सांगत होती.

वाचलं ना त्याने. सगळं वाचलं. पण आदल्या दिवसापासून भावकीत अभिनंदनाचा पूर आलेला. दगडूने घरी उठल्याउठल्याच करंगळीने सुरुवात केली, आणि गाडी सुटल्यावरही तेच चालू. अभिनंदन. फोटो. जोडलेले हात. फोटो. अभिनंदन, आबा. फुगा, फुगा, फुगा. माजलगाव आलं. गाडी बदलली. पुन्हा फोटो. फोटो. केक. सिरसाळा जवळ आलं तेव्हा त्याच्या करंगळीला लेकीचा निरोप लागला. तेव्हा अकरा वाजून कधीच गेले होते. गाडीतून उतरला तोवर पाळणा म्हणून झाला होता, मुलीचं नाव आरोही ठेवून झालं होतं आणि बायका घुगऱ्या वाटत होत्या. घंटी खिशातच.

दोन बोटांनी किती वेळ लागला असता? अर्धा मिनिट. घरीच, गाडी सुटायच्या कितीतरी आधी.

दुसऱ्या दिवशी तो परत आला तो थेट माझ्याकडे. मुठीत घुगऱ्या. "खा मास्तर, नातीच्या हायत." मग सगळं सांगितलं — हसत. मला वाटलं होतं, निदान फोनला एखादी शिवी देईल. तेही नाही. म्हणाला, "फोनचा काय दोष हो? त्याची चालच तशी हाय. मागून बांदली मी घंटी. लई भारी वाजतीय. पोरगी टकाटका बघायली म्हणं." मग म्हणाला, "आदी नाव पडलं तिच्या कानावर. पडू द्या. काई बिघडत न्हाई."

काई बिघडत न्हाई. हे त्याने दोनदा म्हटलं. मी घुगऱ्या चावत होतो, आणि त्या संपेनात. तेव्हा सांगायचं होतं ना? तोंडात घास होता हे काय कारण झालं? घास गिळायला किती वेळ लागतो? मी गिळला, पाणी प्यालो, आणि म्हणालो, "गोड नाव आहे."

यानंतर चारेक महिन्यांनी दगडू दिव्यांगाच्या प्रमाणपत्राच्या कामाला बीडला गेला. दवाखान्यात रांग. रांगेत बसून याचं चालू — फोटो, फोटो, फोटो. शेजारी एक मुलगी बसली होती, कॉलेजात शिकणारी, तिलाही दिसत नव्हतं. बराच वेळ ऐकून तिने विचारलं, आजोबा, तुम्ही दोन बोटं का नाही लावत? आणि याची बाकीची बोटं चालत नाहीत म्हटल्यावर दोन्ही हातांच्या करंगळ्या जुळवून दाखवलं.

दगडूने पुढे काय केलं असेल? प्रमाणपत्राचं काम टाकून रांगेतून उठला. खोटं नाही सांगत. मिळाली ती गाडी पकडली, तलवाड्याच्या स्टँडवर उतरला आणि घरी न जाता, पाणी न पिता, भर उन्हात माझ्या दारात. "मास्तर! मास्तर, हायत का घरात?" आवाज असा की मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं.

"आदी बोटं द्या. बोटं द्या तुमची!"

त्याने माझा हात धरला. माझी दोन बोटं शेजारी-शेजारी जुळवली, हलकेच, आणि काचेवर टेकवली. "आता वर सारा. दाबू नका. हां, असं. बगितलं? समदा कळप हालतोय मास्तर! आपल्याला कुनी सांगितलंच न्हाई! त्या पोरीला म्हणलं, माझ्या मास्तरला बी ठाऊक न्हाई बिचाऱ्याला, तेबी माझ्यावानीच एकेक जात असतील. म्हणलं आदी त्यास्नी सांगून येतो, कागद कुटं पळून जातोय?"

घामाने त्याचा हात ओला होता. कुणाला काही मिळालं की पहिला विचार काय येतो त्याच्या मनात? दुसऱ्याकडे ते नाही, त्याला नेऊन द्यावं. मला ती खूण मिळाली तेव्हा माझ्या मनात काय आलं होतं? ते तुम्हाला सांगितलंच आहे.

ती माझी दुसरी वेळ होती. दार उघडं होतं, तो समोर होता, माझा हात त्याच्या हातात होता. 'दगडू, मला ठाऊक होतं' — एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "अरे! हे तर मला ठाऊकच नव्हतं!"

आणि मी शिकण्याचं नाटक केलं. चांगलं वठवलं. मुद्दाम दोनदा चुकलो. त्याने न चिडता पुन्हा बोटं जुळवून दिली, म्हणाला, येईल, येईल, घाई न्हाई. तिसऱ्यांदा मला 'जमलं' तेव्हा त्याने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की आमची ही बाहेर आली. तिने दोघांना चहा दिला. तो मी त्याच्याआधी संपवला.

तेव्हापासून तो हॉटेलात सांगतो, मास्तरला दोन बोटं मी शिकवली. लोक माझ्याकडे वळतात. बाबूभाई कपबशा विसळत राहतात. त्यांनी चार वर्षं माझी बोटं बघितलेली आहेत, त्यांना डोळे आहेत. एकदाच मला चहा देताना हळूच म्हणाले, "मास्तर, चाय में शक्कर ज्यादा हुई क्या?" साखर नेहमीएवढीच होती. लोकांपुढे मी मान हलवतो, म्हणतो, हो, दगडूनेच शिकवलं. दगडू खुलतो. आणि काय सांगू, त्याचं ते खुलणं ऐकलं की मलाही आनंद होतो, खराखुरा. तो आनंद माझ्या हक्काचा नाही, तरी होतो.

तुम्हाला सांगता सांगता आता एक लक्षात आलं. दगडूला दोन बोटं येऊन वर्ष झालं. तरी ग्रुप वाचताना तो अजून एकेकच जातो, करंगळीने. मी विचारलं, कावून रे? तर म्हणाला, "रानाकडं नेताना हाकायचं मास्तर. वाडग्यात घेताना हातच लावायचा. मधीच कुनाचं काई महत्त्वाचं असलं तर?"

हे सगळं मी फोनवरच लिहिलं आहे, काचेवर एकेक अक्षर शोधत. तुम्हा अनोळखी माणसांसाठी म्हणून लिहायला बसलो होतो, पण आता उद्या सकाळी हे आमच्या गावच्या ग्रुपवरच टाकतो. फुलं, सूर्य, चहाचे कप यांच्यामध्ये. बाकीचं गाव अंगठ्याने ओलांडून पुढे जाईल. एक माणूस मात्र वाडग्याच्या तोंडाशी बसून अक्षर न् अक्षर ऐकेल, आणि इथपर्यंत येईल.

दगडू, दोन बोटांची खूण मला तू शिकायला आलास त्याच्या आधीपासून येत होती. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो, आणि शिकवायला आलास तेव्हाही.